सतराव्या धड्यापासून पुढे

बाई, तीन आठवडे झाले, मी पुस्तक निवडतोय आणि आता माझं डोकं पार उठलंय. तुम्ही होतात तेव्हा फ्रेंचचं पुस्तक निवडावं लागत नसे. तुमच्याकडे एका पातळीला एकच होतं, तेच सगळ्यांना. आज माझ्या टेबलावर अकरा आहेत. एकाची नुसती प्रस्तावनाच वीस पानं. दुसऱ्यात पॅरिसच्या फ्लॅटमधली माणसं धडेच्या धडे लिफ्टबद्दल तक्रार करतात. तिसऱ्याबरोबरचं रेकॉर्डिंग लावावं, तर सगळे एसटी सुटायला आल्यासारखे बोलतात. इंटरनेटवर विचारलं, तर दहा जण दहा नावं सांगतात आणि अकरावा म्हणतो पुस्तकं हवीत कशाला, चित्रपट बघा. बघितले. दोन रविवार घातले, त्यात लोक सिगारेट ओढत गप्प बसून असतात.

हे सगळं एका मुलीसाठी. ती पाथर्डीहून रोज एसटीनं नगरला येते. तिला भाषांतर शिकायला फ्रान्सला जायचंय, तिथल्या विद्यापीठानं सी-वन, म्हणजे वरच्या पातळीची परीक्षा, पास झाल्याचा दाखला मागितलाय आणि परीक्षा डिसेंबरात पुण्याला आहे. घरच्यांनी या एका परीक्षेपुरतं लग्नाचं थांबवलंय, दुसऱ्यांदा थांबणार नाहीत. ती रोज विचारते, सर, पुस्तक ठरलं का. मी म्हणतो, बघतोय. आणि संध्याकाळी आणखी एक मागवतो.

तुमचं सावेडीतलं स्वयंपाकघर आठवतं. आम्ही पाच जण फरशीवर बसलोय, कुकरच्या शिट्ट्या होतायत आणि तुम्ही कणीक मळता मळता क्रियापदं विचारताय. पुस्तकांना जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं. उत्तरं पेन्सिलनं पुस्तकातच लिहायची आणि वर्ष संपलं की सगळ्यांनी बसून खोडायची, म्हणजे पुढच्या मुलांना पुस्तक कोरं मिळेल, असा तुमचा नियम. त्या दिवशी तुम्ही शिरा करायचात, पण रबराचा भुगा झाडून घेतल्याशिवाय कुणाला वाढायचा नाहीत.

वरच्या पातळीचं पुस्तक माझ्या एकट्याकडे होतं. तीस धडे. सोळा सोडवले, सतरावा काही केल्या जमेना. तुमच्याकडे आलो, तर तुम्ही म्हणालात, "माझं डोकं खाऊ नकोस, आधी पेन्सिल झिजव." मला भयंकर राग आला. त्या पुस्तकातले लोक अजून तारा करत होते आणि त्यांच्यासाठी मी पेन्सिली झिजवायच्या. पुढचे चौदा धडे मी उघडलेच नाहीत. वर्षाच्या शेवटी सोळा धडे खोडले आणि पुस्तक तुमच्या हातात दिलं. खोडलेलं पान कोरं, न सोडवलेलंही कोरं. तुम्ही ते शेवटपर्यंत चाळलंत, पानांवरून बोट फिरवलंत आणि मलाच बक्षीस म्हणून परत दिलंत. पुढे तुमचे विद्यार्थीही माझ्याकडे सोपवलेत. वरची परीक्षा मी कधी दिलीच नाही, बाई. कुणी विचारलंही नाही. नगरमध्ये फ्रेंच येणारा माणूस म्हणून मी वीस वर्षं खपून गेलो.

परवा वाट बघून कंटाळलेल्या त्या मुलीनं माझ्या कपाटातून नेमकं तेच पुस्तक काढलं. म्हणाली, तारा असू द्यात, निदान व्याकरण तरी एका जागी आहे. मग खिडकीशी जाऊन एकेक पान तिरकं धरून बघायला लागली. खोडल्यावरही पेन्सिलीचे वळ कागदावर राहतात, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सर, हितून पुढं कुणी सोडवलंच न्हाई," ती म्हणाली.

असेल कुणी आळशी, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"मंग पास झाला का तो?"

"नाही," मी म्हणालो. "मास्तर झाला."

ती हसली नाही. टेबलावरच्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यातलं कुठलंही पुस्तक ठरवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ते मला शिकवावं लागलं असतं, आणि मला धास्ती होती ती त्याचीच. तुमच्या बोटाला ते वळ लागले नसतील यावर माझा आता विश्वास बसत नाही. मग तेव्हाच माझा कान का नाही पिळलात? बक्षीस कसलं देत बसलात?

ऐकण्याच्या सरावासाठी तिनं ढिगातलं एक पुस्तक स्वतःच उचललं. बाकीची मी खोक्यात भरली. काल आम्ही दोघांनी सतरावा धडा सोडवला, आपापल्या वहीत, समोरासमोर बसून. उत्तरं ताडून पाहिली, तर तिच्या चार चुका निघाल्या, माझ्या सात. तिनं माझ्या वहीवर लाल पेनानं खुणा केल्या आणि एकेक चूक समजावून सांगितली. उद्या अठरावा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं खरं लिहिलंय. पाठवायचं असतं, तर माझ्या चुका मी पाच लिहिल्या असत्या.