आईच्या दगडावरचं ठिकाण

किलारा, परगणा मेयो
९ मे १९९४

चि. कोल्मन यास सोरकाताईचे अनेक आशीर्वाद.

कव्हेंट्रीला पोचल्याचं पत्र मिळालं. आई गेल्यापासून घर गप्प आहे. कोंबड्या मात्र दाराशी तिलाच शोधतात.

गावाची समिती प्रत्येक वाटेवर नावाचा दगड लावते आहे, खाली नावाचा अर्थ. आपल्या शेताचं ‘पार्क ना ल्यानव’, बाळांचं शेत, त्यांनी खोडलं. तिथे ‘रोझमेडो’, गुलाबांचं कुरण, लागणार. तिथे गुलाब कुणी पाहिला? समितीचा प्रमुख जमिनीचा दलाल मॉर्टी टायर्नी. हॅम चावत, हनुवटीवर लोणी, त्याने मला समजावलं की मेलेल्या पोरांचं नाव वाचून पाहुणे गाडी थांबवणार नाहीत. चहा तसाच ठेवून उठले.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना दफनभूमीत घेत नसत, हे तू जाणतोस. माझ्या आधी जन्मलेल्या बहिणीला बाबांनी लोण्याच्या खोक्यात घालून त्या शेतात नेलं. तिचं नावही ठेवलं नव्हतं. तिची आणि बाकीच्यांची खूण म्हणजे शेताचं नाव, एवढीच. तेही पुसायचं?

शेत तुझ्या नावावर आहे. काय करू ते कळव. माया राहू दे.

सोरका

कव्हेंट्री
२० मे

ती. सोरकाताईस कोल्मनचा सा. न.

पत्र मिळालं. मॉर्टी शाळेतही दुसऱ्याच्या डब्यातलं खायचा, हनुवटी तेव्हाही तशीच. आपल्या बांधाला त्याने हात लावू नये, असं सांग. सरकारी रस्त्यावर मात्र तो दगड रोवीलच.

पण आईच्या थडग्याचा दगड अजून कोरायचाय ना? आपल्याकडे माणसाच्या नावाखाली त्याचं ठिकाण घालतात. ते ठरवणारे आपण. पटलं तर पाथरवटाला सांग. रागात असलीस तरी लिहीत जा.

तुझा कोल्मन

किलारा
२ एप्रिल १९९५

चि. कोल्मन यास आशीर्वाद.

मॉर्टीचा दगड लागला. सोनेरी अक्षरं, शेजारी गुलाब. मी तोंड फिरवून जाते.

काल दफनभूमीत आईचा दगड बसला. ‘विनी हेनेघन, पार्क ना ल्यानव.’ फादरनी ते वाचलं आणि पवित्र पाणी शिंपडलं. ज्या बाळांना दफनभूमीच्या भिंतीच्या आत घेतलं नव्हतं, ती आईबरोबर आत आली.

बाहेर मॉर्टीने विचारलं, "सोरकाबाई, ते कशाला कोरलंस?"

मी म्हटलं, "पत्ता आहे तिचा."

उन्हाळ्यात येऊन बघून जा. तुझी वाट पाहते.

सोरका