वॉरंट परत आलं

३ फेब्रुवारी २०२५
परत तेच! कोर्टात हवालदाराचा शेरा वाचून दाखवला – "दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही." तिसरं वॉरंट हे. प्रणित रोह्यात आईकडे राहतो, अख्ख्या आळीला ठाऊक. फक्त पोलीस गेले की नसतो!
लेकीच्या, सुरभीच्या पोटगीचा हुकूम होऊन दीड वर्ष झालं. पहिले तीन महिने दिली, मग बंद. बाप आहे की पाहुणा?

४ फेब्रुवारी
वकीलबाई म्हणाल्या, "नूतन, पगारातूनच कापून घ्यायचा हुकूम मिळू शकतो. पण तो कामाला कुठे आहे, ते सांग." तेच तर माहीत नाही! जुनी कंपनी सोडली. आता कुठल्यातरी ठेकेदाराकडे. डोलवीच्या कारखान्यात की आणखी कुठे, कोण सांगणार?
वर थकलेल्या पोटगीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा, नाहीतर बुडाली. म्हणजे त्याने लपायचं, मी धावायचं. छान!

११ फेब्रुवारी
फॉल-पिकोच्या साड्या तशाच टाकून रोह्याला गेले. सासूबाई दारातच उभ्या. "तो हितं नाय राहत गो." मागे दोरीवर त्याचा शर्ट वाळत होता!
म्हटलं, नात कशी आहे, एवढं तरी विचारा. दार लावून घेतलं.

२६ फेब्रुवारी
नवं वॉरंट निघालं. हवालदारांचा फोन – "ताई, शनिवारी सकाळी सहालाच जातो. कुठं बोलू नका." मी कुणाला बोलणार? पेणमध्ये या खोलीत आम्ही दोघी मायलेकी. सुरभीला तेवढं म्हटलं, शनिवारी धरतात बघ तुझ्या बाबांना!

१ मार्च
नव्हता. सकाळी सहाला नव्हता!! सासूबाईंनी हवालदारांना चहा विचारला म्हणे.
रडले नाही. मशीनच्या दोन सुया मोडल्या.

२ मार्च
जेवताना सुरभीने ताट सरकवलं. "आई, मीच बाबांना फोन करते. तुझ्या मोबाइलवरून. पोलीस जाणार असले की."
का गो?
"बाबा म्हणाले, मला धरलं तर मी तुला कधीच भेटणार नाय."
दहा वर्षांची पोर. इतके महिने एकटीने पोटात ठेवलं हे.
तो कामाला कुठे जातो, तेही तिला ठाऊक असणार. प्रश्न ओठांवर आला. नाही विचारला.
म्हटलं, भात गार होतोय. जेव.