तिसरं पेडल

ती. आप्पा,

डावा पाय गेला म्हणून तुम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतलीत आणि जन्मभर तिला पाळणा म्हणून हिणवलंत. तुमच्या माघारी मी त्याच जुन्या गाडीला क्लच आणि हाताचे गिअर बसवून घेतले. मेकॅनिक करवादला, "ताई, सोन्यासारख्या गाडीचं वाटोळं करताय!" म्हटलं, माझी गाडी, माझं वाटोळं.

आता चढावर माझा पाय पोचायच्या आत क्लच आपसूक खाली जातो. मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं. दोष सापडत नाही. काल शेजारी बसलेली आई म्हणाली, "पाय होता तेव्हा हे अस्सेच चालवायचे गं."

हे पत्र टाकणार कुठे? तुमच्या सीटखाली ठेवते. हल्ली मी डावा पाय आखडूनच बसते. ती जागा तुमची आहे.

तुमची,
एका पायाने गाडी चालवणारी लेक