आभार न मानण्याचे नऊ दिवस

४ नोव्हेंबर

पहाटे आई गेली. वय सत्त्याऐंशी. अंतिम उद्गार— ‘कॉफीत साखर घातलीस का?’ या वाक्यात काही गूढार्थ असावा म्हणून मी बराच वेळ चिंतन केले. नसावा. साखर खरोखरच विसरली होती.

आठ वाजता मेयर रुफीनोंचा मंडप दारात हजर! डॉक्टर मृत्यूचा दाखला लिहीत असतानाच नगरपालिकेच्या खुर्च्या उतरू लागल्या. पन्नास. प्रत्येकीच्या पाठीवर मेयरांचे स्मितहास्य छापलेले. निवडणूक मे महिन्यात आहे, स्मितहास्य बारमाही.

‘परत पाठव,’ मी लिगायाला म्हणालो.

‘आणि लोकांना उन्हात बसवू?’ बायको म्हणाली. ‘की तुमच्या तत्त्वांच्या सावलीत?’

मंडप राहिला.

प्रस्तुत लेखकाची स्थिती नाजूक आहे. एकवीस तारखेला प्रांताच्या राजधानीत सुनावणी. मेयरांनी बांधलेला समुद्रबांध ऑक्टोबरच्या वादळात ओल्या पावासारखा विरघळला. त्या पाण्यात पुरिताबाईचा नवरा बासिलिओ वाहून गेला. देहसुद्धा सापडला नाही. तक्रारीवर तीन सह्या: मासळी विकणारी पुरिताबाई, चर्चची घंटा वाजवणारे सेवेरोकाका आणि मी, विज्ञानशिक्षक. फुटक्या बांधातल्या सळया मी स्वतः मोजल्या. असायला हव्या होत्या त्याच्या निम्म्या. तो मोजमापाचा कागद हाच खटल्याचा कणा. तो निघाला की उरते ते केवळ एका विधवेचे रडगाणे— हे शब्द मेयरांच्या वकिलाचे, माझे नव्हेत.

५ नोव्हेंबर

खुर्च्यांच्या पाठींना उशांचे अभ्रे घातले. अभ्रे अकरा. एकोणचाळीस मेयर अद्यापि हसत आहेत.

६ नोव्हेंबर

मेयर स्वतः आले. शवपेटीजवळ अर्धा तास बसले. सुनावणीचा शब्द नाही! कागदाचा उल्लेख नाही! धमकी दिली असती तर मी तिला योग्य त्या अलंकारांसह उत्तर दिले असते. ते तयारही होते. त्यांनी फक्त विचारले, ‘सर, तुम्ही जेवलात का?’

यात काय कपट असेल, याचा विचार करतो आहे.

उठले तेव्हा मात्र पूर्वजांनी माझे रक्षण केले. प्रेत घरात असेतो आल्यागेल्याचे आभार मानायचे नाहीत आणि कोणाला दारापर्यंत पोचवायचे नाही— अपशकुन. मी जागचा हललो नाही. मुखातून अक्षर नाही. नऊ दिवस, बहीण मिलाग्रोस कुवेतहून येईपर्यंत, आई औषधे भरून घरातच; तोवर मी कोणाचाही मिंधा होऊ शकत नाही. धर्माची आज्ञाच आहे!

या राष्ट्राला दोन राज्यघटना आहेत. एक छापील, दुसरी मिंधेपणाची. पहिलीत दुरुस्ती करता येते.

८ नोव्हेंबर

फादर आन्सेल्मो प्रार्थनेत म्हणाले, ‘जो क्षमा करतो तो हलका होतो.’ म्हणताना दृष्टी माझ्यावर. अथवा शवपेटीवर, मी नेमका तिच्या मागे बसलो होतो, त्यामुळे निर्णय देता येत नाही. परंतु गतवर्षी चर्चवर नवे पत्रे चढले, आणि ते स्वर्गातून पडले नव्हते.

नंतर गाठले. ‘फादर, ही क्षमेची गोष्ट कोणाच्या सांगण्यावरून?’

‘येशूच्या,’ फादर म्हणाले. ‘का, तुम्हाला दुसरं कोण वाटलं?’

चतुर मनुष्य.

१० नोव्हेंबर

मंडपामागे मेयर आणि पुरिताबाई! मेयरांचा हात तिच्या खांद्यावर! ते जाताच मी तिला गाठले.

‘काय म्हणत होता?’

‘विचारत होता, बासिलिओचा काही ठावठिकाणा लागला का.’

‘मग तू?’

‘म्हटलं, समुद्राला विचारा. तुमच्या बांधानंच धाडलंय त्याला तिकडं.’

‘एवढंच?’

‘मास्तर, माझ्यावर पाळत ठेवायची असेल ना, तर पहाटे चारला मासळीबाजारात या. टोपल्या उचलायला माणूस हवाच आहे मला.’

हसली. मग शवपेटीवर मोगऱ्याची माळ ठेवून म्हणाली, ‘तुमच्या आईला पेटी तरी मिळाली.’

मी माळ सरळ केली. तरीही नोंद करून ठेवतो: मेयरांनी खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो झटकला नाही.

११ नोव्हेंबर

सेवेरोकाकांच्या नातीला नगरपालिकेत नोकरी लागली. आजच. योगायोग ही दुर्बल बुद्धीची विश्रांतिस्थाने आहेत.

‘काका, एकवीसला येणार ना?’

‘येणार म्हणजे? घंटेला दुसरा माणूससुद्धा सांगून ठेवलाय.’

‘आणि नात?’

‘परीक्षा देऊन लागलीय ती, मास्तर. तुम्हीच शिकवलंत तिला.’

इतक्या तत्परतेने होकार देणारा मनुष्य मला नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे.

१३ नोव्हेंबर

आईला पोचवले. काल मिलाग्रोस आली. दहा वर्षांनी आली आणि थेट शवपेटीला मिठी मारली. अश्रू पेटीच्या काचेवर पडू नयेत— तोही अपशकुन— म्हणून लिगायाने तिला ओढून बाजूला घेतले.

घरून चर्च, चर्चवरून दफनभूमी. वाटेत समुद्र. भरतीचे पाणी फुटक्या बांधातून आत शिरून रस्त्यावर पसरले होते, कमरेइतके. गाडीवाला म्हणाला, ‘इथून पुढे तुमचं तुम्ही बघा.’ खांदेकरी सहा हवेत. पाण्यात उतरायला तयार पाच. आमचे चुलतबंधू रक्तदाबाविषयी बोलू लागले.

मेयर रुफीनोंनी बूट काढले, पाण्यात आले आणि पुढची उजवी बाजू खांद्यावर घेतली. डावीकडे मी. मध्ये आई.

मी छायाचित्रकार शोधला. नव्हता. काठावर शोधला, गाडीमागे शोधला. खोटे कशाला लिहू, नारळींच्या शेंड्यांकडेही पाहिले. कोणाच्या हाती फोनसुद्धा नव्हता. सारे जपमाळ ओढत होते.

मध्यावर मेयर घसरले. गळ्यापर्यंत पाण्यात गेले. पेटी तसूभरही कलली नाही. हातांनी वर धरून होते— अडुसष्ट वर्षांचा माणूस, श्वास शिट्टीसारखा वाजतो आहे. सावरले, आणि म्हणाले, ‘सर, तुमच्या डावीकडे खड्डा आहे. जपून.’

खड्डा होता.

हा रस्ता पाण्याखाली कोणामुळे, हे मला ठाऊक. त्यांना ठाऊक. आम्ही दोघे तेच पाणी तुडवीत होतो, आणि माझ्या आईचे पाय भिजू नयेत म्हणून हा मनुष्य बुडायला निघाला होता. यात कपट शोधण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला.

पुरिताबाई पाण्यात उतरली नाही. काठावर उभी राहिली, शेवटपर्यंत.

माती लोटली. नऊ दिवसांची मुभा तेथेच संपली. फाटकाशी मेयर विजार पिळत होते. एक बूट वाहून गेलेला. माझ्याजवळ त्या प्रसंगास साजेशी अलंकारप्रचुर वाक्ये अनेक होती. तोंडातून निघाले, ‘धन्यवाद, मेयर.’

‘अहो सर,’ ते म्हणाले, ‘आईच ती.’

आणि अनवाणी निघून गेले.

१७ नोव्हेंबर

मेयरांचा निरोप नाही. मनुष्य नाही, फोन नाही, फळांची करंडी नाही. मंडप गुपचूप उतरवून नेला. अभ्रे धुऊन, घड्या घालून परत!

‘तो काही मागत नाहीये हो तुमच्याकडं,’ लिगाया म्हणाली.

‘तेच तर!’

२० नोव्हेंबर

इस्त्री झाली. पहाटेची बस. पुरिताबाईला ऐन वेळी ताप येईल, असा माझा अंदाज. सेवेरोकाका घंटेचे निमित्त काढतील. तिघांपैकी एक उद्या मोडणार, हे या देशाचा जन्मजात नागरिक या नात्याने मी खात्रीपूर्वक सांगू शकतो. दोघांवर सूक्ष्म लक्ष ठेवावे लागेल.

२१ नोव्हेंबर

पुरिताबाई म्हणाली, ‘सही माझी.’ सेवेरोकाका म्हणाले, ‘ही माझी.’

अधिकाऱ्यांनी मोजमापाचा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘या सळया तुम्ही मोजल्यात?’

मी म्हणालो, ‘आठवत नाही.’

परतीच्या बसमध्ये पुरिताबाईने शेजारच्या जागेवरची टोपली उचलून मांडीवर घेतली. मी तीन तास उभा राहिलो.