प्रार्थनेचा विषय

१ सप्टेंबर, मंगळवार

चिमणी बोलली! दुसरीतली ती नवी मुलगी – आवाज एवढासा, म्हणून हे नाव मीच ठेवलं. निवृत्तीनंतर शाळेत हातभार लावायला जातो, तसा प्रार्थनागृहातले बाक पुसत होतो. आली, दुसरं फडकं घेतलं, न सांगता पुसायला लागली. मग हळूच कानाशी – "आजोबा, माझे बाबा परगावी नाहीत. तुरुंगात आहेत. कुणाला सांगू नका हं."

जन्मभर बस हाकली, पण एवढं ओझं घेऊन कुणी चढलेलं आठवत नाही.

४ सप्टेंबर, शुक्रवार

शुक्रवारी सगळी शाळा गोल करून बसते. कुणीतरी प्रार्थनेचा विषय द्यायचा, ज्याचा विषय त्याला मध्ये बसवायचं, मग मुलांनी एकेक करून मोठ्याने प्रार्थना करायची. किती आजारी आया, हरवलेली मांजरं या गोलाने परत आणली! आज विषय मी दिला. चिमणीला मध्ये बसवून म्हणालो, "हिचे बाबा तुरुंगात आहेत. लेकरांनो, हिला एकटं पडू द्यायचं नाही." सांगू नका म्हणाली होती खरी. पण देवाला सांगणं म्हणजे का चहाडी?

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डोळे गच्च मिटले.

चौथीतला एक पोरगा – "हे प्रभू, हिच्या बाबांनी जे जे चोरलं ते परत द्यायची त्यांना बुद्धी दे." चोरीचं मी बोललोच नव्हतो. पण भाव बघा! डॉक्टरीणबाईंची मुलगी – "आणि हिला त्यांच्यासारखी होऊ देऊ नकोस." आमेन असं दणकून झालं! मला तर भरूनच आलं.

८ सप्टेंबर, मंगळवार

चिमणी बाक पुसायला आली नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आज विषय मुलांनीच दिला. "चिमणी! चिमणी!" दंडाला धरून मध्ये नेली. "प्रभू, माझी रंगपेटी जिने घेतली तिला क्षमा कर." "प्रभू, हिच्या शेजारी बसायचं मला धैर्य दे." हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि खाली दाबलेलं हसू! मी उठलो – "पुरे!" मुख्याध्यापिकाबाईंनी खुणेनेच खाली बसवलं. नंतर ऑफिसात म्हणतात, "आजोबा, मुलं प्रार्थना करतायत. शिव्या दिल्या असत्या तर थांबवलं असतं."

रंगपेटी ती प्रार्थना करणाऱ्या पोरीच्या स्वतःच्याच दप्तरात निघाली. त्यावर कुणी प्रार्थना केली नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार

चिमणीच्या घरी गेलो. आई इस्त्री करत होती. बसा म्हणाली नाही.

"ताई, माझं चुकलं."

इस्त्री थांबली नाही. "आधीच्या शाळेत पोरांनी मारलं तिला. म्हणून इथे आणली. देवाची शाळा म्हणून! मारलं की वळ तरी उठतो, आजोबा. दाखवता येतो. आता काय दाखवू?"

म्हणालो, शाळेतून काढू नका, मी बोलतो सगळ्यांशी.

"तुम्ही?" हसलीच ती. "तुम्ही कृपा करून आता कुणाशी बोलू नका."

चिमणी पडद्याआड होती. पावलं दिसत होती. हाक मारली. पावलं मागे सरकली.

१४ सप्टेंबर, सोमवार

आई चिमणीचा दाखला घेऊन गेली. मुख्याध्यापिकाबाई हळहळल्या – "अरेरे! आपण तिच्यासाठी प्रार्थना करत राहू हं."

मला त्या क्षणी त्यांचं तोंड बंद करावंसं वाटलं. एवढं वाईट माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

गोल बसला. ही पद्धतच बंद करा, असं सांगायला उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा हात वर – "आज आजोबांसाठी!" दोघींनी हाताला धरून मला मध्ये बसवलं.

"हे प्रभू, बाई म्हणतात, आजोबांचं डोकं आता ठिकाणावर नाही, म्हणून सोमवारपासून त्यांना बोलवायचं नाही. त्यांना वाईट वाटू देऊ नकोस."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. सगळे म्हणाले – आमेन. सवयीने मीही म्हणालो.