सातच्या दोन रिंगा

प्रिय ताई,

‘घरात काचेचं भांडं असलं की सगळ्यांनाच हळू चालावं लागतं.’ हे तू मावशीला म्हणाली होतीस. मी तेव्हा अकराची, दाराआड औषधाचा चमचा धरून उभी. तू सोळाची. मला ताप होता, आईला सुट्टी नव्हती, म्हणून तुझी सहल बुडाली होती. तू रागानं बोलली असतीस तर मी विसरूनही गेले असते. पण तू नुसतं सांगितलंस, आज नळाला पाणी उशिरा येणार आहे असं सांगावं तसं. तेव्हापासून मी कमीत कमी जागा व्यापायला शिकले. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायचे. दुखलं तर विचारल्याशिवाय सांगायचे नाही, आणि विचारलं तर निम्मंच सांगायचे.

रविवारी भाऊजींचा फोन आला होता. जिन्यात उभे राहून हळू आवाजात बोलत होते. त्यांच्यावर चिडू नकोस. काय म्हणाले ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर तू पत्राची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकून देशील, ओळखते तुला. त्याआधी माझ्या ‘आजारी मंडळा’बद्दल वाच. हे नाव तूच ठेवलंयस, आणि खरं सांगू, आम्हाला ते आवडलंय.

आम्ही चौघं भेटलो हॉस्पिटलात, रक्ततपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. एक मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले, रक्ताचा आजार. एक घड्याळजी, फुप्फुसं निम्मीच चालणारे, पण जिभेला कुठलाच आजार नसलेले. एक बेकरीवाली, सांध्यांनी गांजलेली. आणि मी, बदललेल्या किडनीची. परकी किडनी शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून मी जी गोळी घेते, तीच बेकरीवालीही घेते. ती गोळी शरीराचा पहारेकरीच झोपवते, मग कुठलाही जंतू यावा नि घरात शिरावा. साथ आली तेव्हा आम्हाला सांगितलं, घरात बसा, दार लावून घ्या. काही महिन्यांनी बाकीचं जग बाहेर पडलं. आम्हाला ‘या आता’ म्हणायला कुणी आलं नाही. विसरलेच बहुधा.

मग मास्तरांनी साखळी काढली. रोज सकाळी सातला मास्तर घड्याळजींना फोन करणार, दोन रिंगा वाजवून ठेवून देणार. घड्याळजी मला, मी बेकरीवालीला, ती परत मास्तरांना. फोन उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे ‘आहे, उठलोय’, बस्स. सात-दहापर्यंत रिंग आली नाही तर आपण आधीच्या माणसाला फोन करायचा, त्यानं उचलला नाही तर ज्या शेजाऱ्याकडे त्याची किल्ली आहे त्याला उठवायचं. पहिल्या आठवड्यात बेकरीवाली रोज फोन उचलायची. म्हणे, ‘वाजतोय आणि घ्यायचा नाही, हे माझ्या हाताला जमतच नाही हो!’ ती स्कूटरवरून आमच्या दाराशी पाव ठेवायची, लांब जाऊन हॉर्न द्यायची, आणि आपण खिडकीत येऊन हात हलवला की मगच निघायची. दुकानांतून आमची गोळी गायब झाली तेव्हा माझ्या उरलेल्या पट्ट्यांतल्या निम्म्या मी तिच्या रिकाम्या पिशवीत ठेवल्या. पुढच्या खेपेला मी विचारायच्या आत तिनं तिच्या दिल्या.

आम्ही काही संत नव्हतो. खूप भांडलो. एकदा तर हॉस्पिटलशी भांडलो. तपासणीसाठी त्याच कोंदट खोलीत, खोकणाऱ्या पन्नास माणसांत बसा म्हणाले. घड्याळजींनी घरून घडीच्या खुर्च्या आणल्या आणि आम्ही चौघं अंगणात बसलो. आत येणार नाही म्हणालो. हेडसिस्टर येऊन म्हणाली, ‘अहो, असं रक्त घेता येत नाही.’ मास्तर म्हणाले, ‘बाई, खिडकी आहे, हात आहे, सुई आहे. यातलं कमी काय पडतंय तेवढं सांगा.’ तीन मंगळवार आम्ही तसेच बसलो, परत गेलो, पुन्हा आलो. चौथ्या मंगळवारी बाजूची खिडकी उघडली. आता दर मंगळवारी आठ ते नऊ ती खिडकी आमच्यासारख्यांची असते. रांगेत वीसेक जण असतात, निम्म्यांना आम्ही ओळखतही नाही. ताई, त्या दिवशी मी दंड खिडकीत ठेवला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण जागा अडवतोय, आणि अडवायलाच हवी.

आता माझी चूक सांगते. तुलाच सांगतेय, कारण तिचं मूळ तुला ठाऊक आहे. एका सकाळी घड्याळजींची रिंग आली नाही. सात-दहा झाले, सव्वासात झाले. आदल्याच आठवड्यात ते उशिरा उठले होते आणि मी सगळ्यांना उगाच धावपळ करायला लावली होती. मला वाटलं, पुन्हा आपल्यामुळे सगळ्यांच्या जिवाला घोर नको. मी बेकरीवालीला दोन रिंगा दिल्या. तिनं मास्तरांना दिल्या. साखळी पूर्ण झाली, मास्तरांनी निवांत चहा घेतला, आणि घड्याळजी मोरीच्या दारात पडून राहिले. दुपारी बेकरीवालीनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, पण खिडकीत कुणी आलं नाही. तिनं शेजाऱ्याला हाका मारल्या म्हणून ते वाचले. घरी आल्यावर त्यांचा मला फोन आला. मी रडत होते. धापा टाकत म्हणाले, ‘एक घड्याळ बंद पडलं तर दुसऱ्यानं त्याच्या वाटची टिकटिक करायची नसते, बाई. गप्प बसायचं. त्यानंच कळतं लोकांना.’ एवढंच. पुन्हा कधी त्यावरून बोलले नाहीत, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

मास्तर गेल्या हिवाळ्यात गेले. साथीनं नाही, त्यांच्या जुन्याच आजारानं. शेवटच्या सकाळीही रिंगा दिल्या होत्या, फक्त चार वाजल्या. बहुतेक मोजायला चुकले. गणिताचा मास्तर! आता साखळीत तिघंच आहोत. लोक म्हणतात, ‘अजून मास्क? संपलं की सगळं!’ त्यांचं संपलं असेल, त्यांना शुभेच्छा. आमच्या खिडकीची वेळ कमी करायचं चाललंय असं ऐकते. घडीच्या खुर्च्या अजून माझ्या पलंगाखाली आहेत.

तर, भाऊजी म्हणाले की तुझा केमोचा तिसरा डोस झाला. केस गळायला लागलेत. गाठ सापडली तेव्हापासून तू कुणाला सांगितलं नाहीस, डॉक्टरांनी गर्दी टाळा म्हटलं तरी बसनं ऑफिसला जातेस, तोंड उघडं टाकून. आणि त्यांना बजावलंस, ‘धाकटीला कळता कामा नये, ती मला तिच्या बाकावर नेऊन बसवेल.’ हो, बसवणारच. ताई, जन्मभर तू हळू चाललीस ती माझ्यासाठी. आता तुझ्यासाठी कुणाला हळू चालायला लागू नये म्हणून तू पळत सुटली आहेस. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. केलंच होतं, एका सकाळी, आणि एक माणूस त्यापायी पाच तास जमिनीवर पडून होता. काच असणं वाईट नसतं गं. काचेनं मी फुटत नाही म्हणून सांगत सुटणं वाईट.

मास्तरांची जागा रिकामी आहे. घड्याळजी आता बेकरीवालीनंतर आहेत, सुरुवात मीच करते, मला रिंग देणारं माझ्या आधी कुणी नाही. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारी सकाळी सातला माझ्या फोनवर दोन रिंगा दे आणि ठेवून दे. बोलू नकोस, मी उचलणार नाही, कशी आहेस हेही विचारणार नाही. तू नाहीच म्हणशील, ‘हे कसले पोरखेळ’ म्हणशील, तेही माहीत आहे. तरी मागते. फक्त एवढं लक्षात ठेव, तुझी रिंग आली नाही तर मी पुढे वाजवणार नाही. तिघं जण खोळंबून बसू.

तुझीच,
काचेची