शेवटच्या पानावर ती दारात उभी आहे

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, कला महाविद्यालय.

विषय : 'आधुनिक कादंबरी' या विषयाचे शुद्धिपत्रक अर्जदाराच्या घरी न पाठविण्याबाबत, तसेच आधीचीच उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मिळण्याबाबत.

संदर्भ : फेरपरीक्षेची आपली सूचना, जी काल फलकावर लागली.

महोदय,

अर्जदार ही अंतिम वर्षाच्या साहित्य वर्गाची विद्यार्थिनी असून सविनय कळविते की,

१. नेमलेली कादंबरी बाजारात मिळत नाही. ग्रंथालयातली एकुलती एक प्रत जीर्ण असल्याने घरी देत नाहीत. म्हणून वर्गाने महाविद्यालयासमोरच्या दुकानातून तिची झेरॉक्स काढून घेतली. त्या दिवशी दुकानातल्या पंख्याने पाने उडाली, आणि दुकानदाराने ती हाताला लागतील तशी गोळा केली. पुढे बांधणी सुबक दिसावी म्हणून त्याने खालची कड कापली, तिच्यासोबत पानांचे आकडेही गेले. त्याच गठ्ठ्यावरून सगळ्या वर्गाच्या प्रती निघाल्या. सरांचीही त्यातलीच. दुकानदाराने निकाल लागेपर्यंत याबद्दल ब्र काढला नाही.

२. हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. सदर कादंबरीत एका माणसाच्या घराची एकेक भिंत नाहीशी होत जाते आणि घरातले लोक त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. अशा पुस्तकात पान उलटल्यावर वाक्य मध्येच तुटले, तर विद्यार्थी त्याला शैली समजतात. सुरुवातीला ते सगळ्यांच्याच डोक्यावरून गेले. मागच्या बाकावरच्या पैलवानाने "याला शेंडा ना बुडखा" म्हणत पुस्तक खिडकीबाहेर भिरकावले आणि तास संपल्यावर गुपचूप जाऊन उचलून आणले. वर्गातल्या हुशार मुलीने वाक्ये कुठे कुठे तुटतात याचा तक्ता केला. वसतिगृहातला एक जण सकाळी उठल्याबरोबर खोलीच्या भिंती चाचपून बघू लागला. सरांनी तुटक्या वाक्यांवर जे तास घेतले, ते वर्षातले सर्वांत चांगले तास होते, हे अर्जदार आजही म्हणेल. वर्ष संपताना पैलवानच सगळ्यांशी भांडत होता, की नायकाच्या बायकोला मेलेली म्हणायचे नाही, ती नुसती बाहेर गेली आहे.

३. प्रश्नपत्रिका बाहेरच्या परीक्षकांनी मूळ पुस्तकावरून काढली. 'पत्नीच्या मृत्यूने होणाऱ्या शेवटाचे औचित्य स्पष्ट करा,' असा प्रश्न आला. आमच्या प्रतीत पत्नी मध्यावर मरते आणि शेवटच्या पानावर दारात उभी राहून नवऱ्याला सांगते, "पाय पुसून आत ये." घराच्या भिंतीही तोवर जागेवर आलेल्या असतात. अर्जदाराने तसेच लिहिले. परीक्षकांनी तांबड्या शाईने शेरा मारला, 'पुस्तक वाचलेले नाही.' हा शेरा अर्जदाराच्या जिव्हारी लागला आहे, कारण तिने ते पुस्तक किती वेळा वाचले हे तिच्या घरची भांडीसुद्धा सांगतील.

४. फेरपरीक्षेला बाकीचा वर्ग तयार आहे. अर्जदाराची अडचण वेगळी आहे. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही. ग्रंथालयात तसे करून पाहिले, तर बाहेर काढण्यात आले. घर एका खोलीचे असून पुढच्या अर्ध्या भागात वडिलांचे इस्त्रीचे दुकान आहे. अर्जदाराची आई हे वर्ष सुरू होण्याआधी वारली. त्यानंतर वडील गिऱ्हाइकांशी चुण्या आणि डाग यांपलीकडे बोलत नसत, अर्जदाराशी तेवढेही नाही. अभ्यास त्यांच्या कानावर पडत राहिला आणि एका संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारले, "काल कुठवर आलो होतो?" पुढे ते रोजच विचारू लागले. शेवटचे पान वाचून झाले तेव्हा त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाले, "बघ, आली की नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी आईचे कपडे ट्रंकेतून काढून एकेक करून इस्त्री केले. अर्जदाराला त्या दिवशी आपले घर परत मिळाल्यासारखे झाले.

५. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी सांगितले की शुद्धिपत्रके उद्या टपालात पडतील. अर्जदाराने त्यांच्या टेबलावर त्यांतले एक पाहिले. त्यात पानांचा योग्य क्रम असून खाली लिहिले आहे, 'नायकाची पत्नी अखेरच्या प्रकरणात मरण पावते व त्यानंतर येत नाही.' हे खरे आहे. अर्जदाराने मूळ प्रत वाचून खात्री केली आहे. दारातले ते पान फार आधीचे, चारही भिंती शाबूत असतानाचे आहे. परंतु टपाल दुकानाच्या टेबलावरच येते आणि आलेला प्रत्येक कागद वडील स्वतः फोडून वाचतात. अर्जदाराचा जीव टांगणीला लागला आहे. लिपिकांना हात जोडले, तर ते म्हणाले की नियमाप्रमाणे सर्वांना जाईल.

६. तरी विनंती की, अर्जदाराची उत्तरपत्रिका तिने वाचलेल्या प्रतीनुसार तपासावी. एका शाळेने तिच्यासाठी शिक्षिकेची जागा राखून ठेवली असून या एका विषयावाचून ती हातची जाईल. हे नियमात बसत नसेल, तर निदान शुद्धिपत्रक तिच्या हातात द्यावे. तेही बसत नसेल, तर तिला सरळ नापास करावे आणि नापास विद्यार्थ्यांना जे पत्र जाते ते घरी पाठवावे. त्याला तिची हरकत नाही. ते वडिलांना समजावता येईल.

टपाल निघण्याआधी आपला निर्णय व्हावा, या आशेने कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेली,

(सही)
अर्जदार विद्यार्थिनी
दिनांक : शुद्धिपत्रके निघण्याच्या आदला दिवस

सोबत :
१. उत्तरपत्रिकेची प्रत, तांबड्या शेऱ्यासह.
२. पंख्याबाबत दुकानदाराचा लेखी जबाब.
३. अर्जदाराच्या प्रतीचे शेवटचे पान. हे पाहून झाल्यावर कृपया आजच परत द्यावे. वडील संध्याकाळी वाचायला सांगतात.